उरलेले सतरा रुपये

१९९५ च्या जूनमध्ये मालवणच्या बाजारातल्या एका माडीवर मी पहिल्यांदा कॉम्प्युटर पाहिला. अख्ख्या क्लासात एकच, हिरव्या अक्षरांचा. आम्ही पाच जण. फी महिना दीडशे. पाऊस लागला होता, होडी झापांखाली गेली होती, घरात पैशाचं नाव नव्हतं. सरांना तसं सांगितलं, तर म्हणाले, "नारळी पुनव होऊंदे, मगे बघू." पुनव झाली तरी त्यांनी विषय काढला नाही. मीही काढला नाही.

सर कीबोर्डला सहजी हात लावू देत नसत. आधी कागद. कागदावर रकाने आखायचे, प्रत्येक व्हेरिएबलला एक. प्रोग्रामची एकेक ओळ बोटाने धरून वाचायची, किंमत बदलली की जुनी खोडून खाली नवी लिहायची. याला ते ड्राय रन म्हणत. बाहेर आगोट कोसळत असताना ड्राय रन! आम्ही हसायचो. पण दिवसातून तीनदा वीज जाई आणि फ्लॉपीवर न घेतलेलं सगळं पुसलं जाई. कागदावरचं तेवढं राही. कंदील लावून सर शिकवत राहायचे.

आम्ही शिकत होतो ती बेसिक ही भाषा १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कुर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी, विज्ञान न शिकणाऱ्या पोरांनाही जमावी म्हणून केली. सरांनी हे सांगितलं आणि मी अधिकच खट्टू झालो. मी तर सायन्सला होतो, आणि मला काही जमत नव्हतं. जमेना तिथे गोटू लिहून दुसऱ्या ओळीवर उडी मारायची, ही माझी रीत. सरांनी एकदा माझ्या कागदावर प्रत्येक उडीचा बाण काढला. मग कागद नुसता माझ्यासमोर धरला. त्यापेक्षा खडकात अडकून आलेलं जाळं बरं.

दसऱ्याच्या सुमाराला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी जाळं ओढायची मासेमारी, सुरू झाली. सर म्हणाले, "तुझो आजो वाटे करता मां? ताच लिहून आण."

मला वाटलं, त्यात काय! पैसे भागिले माणसं. त्या दिवशी मासळीचे १,८५० रुपये आले होते. मी तसंच स्वल्पविरामासकट टाइप केलं. मशीन म्हणालं, 'रीडू फ्रॉम स्टार्ट'. पुन्हा केलं, पुन्हा तेच. माणसाने रक्कम वाचायला घातलेला स्वल्पविराम त्याला दोन वेगळी उत्तरं वाटत होता. तो काढल्यावर १९ माणसांना प्रत्येकी ९७.३६८४२ रुपये आले. मी खूश. कागद घेऊन वेळेवर, म्हणजे किनाऱ्यावर, आज्याकडे गेलो.

आजा निरक्षर. दोर ओढून हाताला पडलेले घट्टे तो खोबरेलाने चोळत बसला होता. मी वाचून दाखवलं. त्याने एवढंच विचारलं, "जाळ्याचो वाटो खय?"

आमच्या संघात जाळं आणि होडी मिळून पाच वाटे. ते घालून आणलं. "पोरांका पुरो वाटो दितंस?" तिघा पोरांना अर्धा. तेही केलं. "आणि तापान पडललो तो?" तो आला नव्हता, पण त्याचाही वाटा निघायचा. अर्ध्यांनी माझा प्रोग्राम अडखळायला लागला, तेव्हा आजा वैतागला. "अर्धे कित्याक करतंस? मोठ्याचे दोन धर, पोराचो एक." वाळूत त्याने शिंपल्या मांडल्या. मोठे सतरा, त्यांच्या चौतीस. पोरांच्या तीन. जाळ्या-होडीच्या दहा. एकूण सत्तेचाळीस. शिंपलीला एकोणचाळीस रुपये, उरले सतरा.

"उरल्याचा काय?" मी विचारलं.

"देवाक नारळ, आणि वेळेवर आसत तेंका चाय."

दुसऱ्या दिवशी सरांनी माझा कागद दोनदा वाचला. भागाकारानंतर बाकी काढणारा मॉड त्यांनी तेव्हा शिकवला, आणि माझ्या हातून पहिल्यांदाच एकही गोटू नसलेला प्रोग्राम चालला. क्रम, निवड आणि पुनरावृत्ती, एवढ्या तीन गोष्टींवर कुठलाही प्रोग्राम लिहिता येतो, हे बोम आणि जाकोपिनी या दोन इटालियनांनी १९६६ मध्येच सिद्ध केलं होतं, हे मला फार नंतर, मुंबईत वाचायला मिळालं. तोवर नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं सी भाषेवरचं 'लेट अस सी' माझ्या उशाशी आलं होतं. वाचताना सवयीने मी रकाने आखायचो.

पहिल्या पगाराचे हजार रुपये घेऊन सरांकडे गेलो. सहा महिन्यांचे नऊशे होतात, एवढं बोलून त्यांनी तेवढेच मोजून घेतले. त्यांनी नको-नको म्हटलं नाही, याने मला केवढं मोकळं वाटलं. शंभराची नोट त्यांनी परत माझ्या हातात दिली. म्हणाले, "बाकी तुझ्या आज्याची."

आज्याने ती नोट उजेडात धरून पाहिली, कनवटीला लावली आणि उठला. वाटेत वाण्याकडून एक नारळ घेतला. रापण नुकतीच वर आली होती, माणसं दोर गुंडाळत होती. आज्याने लांबूनच टपरीवाल्याला हाक मारली, आणि मग मोजायला लागला, किती चहा सांगायचे ते.