स्तन्यक्षय आणि घरचीं माणसें

बाळंतिणीच्या दुधाविषयीं निवृत्त शिक्षकानें लेखणी उचलावी, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. हा प्रांत स्त्रियांचा, त्यांतही वडील स्त्रियांचा, अशी आपली समजूत आहे. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें जो काय व्यासंग झाला तो संस्कृताचा. वैद्यकाचा अधिकार आम्हांस मुळींच नाहीं. परंतु एकत्र कुटुंबांत बाळंतिणीचें दूध ही तिची एकटीची गोष्ट राहत नाहीं. ती निजली किती, जेवली केव्हां, तिच्या खोलींत कोण आलें-गेलें, तिला कोण काय बोललें, हें सर्व घर ठरवीत असतें; आणि घर म्हटलें कीं त्यांत आम्ही पुरुषही आलोंच. म्हणून गेल्या वर्षीं आमच्या घरीं जें घडलें, आणि त्या निमित्तानें जाणत्यांकडून जें समजून घेतलें, तें घरांतील सर्वांनींच वाचावें या हेतूनें येथें लिहीत आहों.

आमच्या धाकट्या सुनेचें पहिलें बाळंतपण माहेरीं झालें. सहाव्या आठवड्याची लस टोंचून झाल्यावर ती बाळास घेऊन घरीं आली. पाहुण्यांची रीघ लागली. बाळ या हातांतून त्या हातांत फिरूं लागलें. आणि चारचौघांतून उठून पाजावयास जावें कसें, या संकोचानें दोन पाजण्यांमधील अंतर लांबत गेलें. संध्याकाळ झाली कीं बाळ किरकिर करी. पाजून अर्धी घटका होते न होते तों पुन्हां तोंड वासी. सुनेसही छाती पूर्वीसारखी भरून येईनाशी झाली. आमच्या वडील भगिनी, ज्यांस सारें घर आक्का म्हणतें, त्यांनीं निदान केलें, "हिचें दूध आटलें." शेजारच्या काकूंनीं त्यास अनुमोदन दिलें. संध्याकाळीं डब्याच्या दुधाची एक बाटली सुरू झाली. बाळ ती गटागटा प्यालें आणि चार तास निजलें. निदान खरें ठरलें, असें सर्वांस वाटलें. मग "पोरीला रात्रीची झोंप तरी मिळूं दे" म्हणून रात्रीची बाटली आली. पंधरा दिवसांत बाटल्या तीन झाल्या, आणि दूध आतां खरोखरीच कमी झालें.

हा सर्व निर्णय माजघरांत झाला. आमच्यापर्यंत त्याची वार्ता आली ती एका संध्याकाळीं, सूनबाई देवघराच्या उंबऱ्याशीं डोळे पुसतांना दिसली तेव्हां. "बाबा, मला माझ्याच बाळाला पाजतां येत नाहीं," एवढेंच ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीं आमचे चिरंजीव, सूनबाई आणि आम्ही असे तिघेही बाळास घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेलों.

बाईंनीं प्रथम मागितलें तें लसीकरणाचें कार्ड. त्यावर जन्माचें वजन २,९०० ग्रॅम होतें आणि सहाव्या आठवड्यांतील वजन ४,००० ग्रॅम. त्या म्हणाल्या, जन्मानंतर पहिल्या कांहीं दिवसांत बाळाचें वजन थोडें घटतें, सुमारें दोन आठवड्यांत तें भरून येतें, आणि मग पहिले तीन महिने दिवसास वीस ते तीस ग्रॅम वाढलें म्हणजे उत्तम. आम्हीं तेथल्या तेथें भागाकार केला. बेचाळीस दिवसांत अकराशें ग्रॅम, म्हणजे दिवसास सव्वीस! ज्या आठवड्यांत आमच्या घरीं दूध आटल्याचा निकाल लागला, त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत तें पुरेपूर होतें, याचा लेखी पुरावा कपाटांत पडलेला होता.

मग तीं लक्षणें कशाचीं? बाईंनीं एकेकाचा उलगडा केला. सहाएक आठवडे झाले कीं आईचें शरीर बाळाच्या गरजेशीं मिळतें घेतें, आणि छातीचा पूर्वीचा कठीणपणा जातो; मऊ लागते म्हणून ती रिकामी असते असें नव्हे. साधारण तिसऱ्या व सहाव्या आठवड्यांत, पुन्हां तिसऱ्या महिन्याच्या सुमारास, बाळ एकाएकी वाढीस लागतें आणि दोन-चार दिवस सारखें पीत राहतें. तें आपली पुढची मागणी नोंदवीत असतें. संध्याकाळची किरकिर या वयांत बहुतेक मुलें करतात. बाटली तर तृप्त मूलही ओढतें. तें प्यालें म्हणजे उपाशी होतें, हा तर्क लंगडा आहे. दूध पातळ, निळसर दिसतें हीही तक्रार व्यर्थ. पाजण्याच्या आरंभीचें दूध तसेंच असतें, स्निग्धांश मागाहून वाढत जातो.

दूध कसें होतें, हें एकदां कळलें म्हणजे पुष्कळ भ्रम दूर होतात. तें कोठारांतील धान्य नव्हे, कीं आज राखून ठेवलें तर उद्यां जास्त मिळेल. तें विहिरीच्या पाझरासारखें आहे. उपसा जितका, तितका झरा जिवंत. बाळ ओढूं लागलें कीं आईच्या मेंदूखालच्या ग्रंथींतून प्रोलॅक्टिन नांवाचा रस स्रवतो व त्याच्या योगानें दूध तयार होतें. रात्रीं हा रस अधिक असतो, म्हणून रात्रीचें पाजणें मोलाचें. उलट दूध स्तनांत सांठून राहिलें कीं तेथील पेशींस "आतां पुरे" असा निरोप पोंचतो. आमच्या घरची प्रत्येक बाटली हाच निरोप पोंचवीत होती.

दुसरा रस ऑक्सिटोसिन. त्यानें तयार झालेलें दूध बाहेर येतें. आपण ज्यास पान्हा म्हणतों तो हाच. भीति, वेदना आणि लाज यांनीं तो अडतो. परक्या हातानें धार काढली तर गाय पान्हा चोरते, हें खेड्यांतील पोरही जाणतें. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत बाळाच्या स्पर्शानें, दर्शनानें, नुसत्या स्मरणानेंही स्तन्य प्रवृत्त होतें असें सांगितलें आहे. आणि शारीरस्थानांत क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव हीं स्तन्यनाशाचीं कारणें म्हणून दिलीं आहेत. या वचनाचा उपयोग बाळंतिणीस दूषण देण्याकडे मात्र कोणी करूं नये. आईला क्रोध किंवा शोक आपण होऊन होत नाहीं. तो बहुधा भोंवतालचीं माणसें आणून देतात. दिवसांतून दहा वेळां "पुरतें का ग?" असें विचारलेल्या स्त्रीस स्वस्थ पान्हा फुटावा कसा?

उपाय सांगितले ते अगदीं साधे, पण घराची परीक्षा पाहणारे होते. चोवीस तासांत दहा-बारा वेळां पाजावें, त्यांत रात्रीं निदान दोनदां. दोन्ही बाजूंस पाजावें. त्यानंतर हातानें थोडें दूध काढावें, म्हणजे मागणी वाढते. बाळाच्या मुखांत केवळ अग्र न देतां भोंवतालचा काळसर भागही द्यावा. बाटलीच्या संवयीनें बाळ तें विसरलें होतें, तें परिचारिकेनें समोर बसून पुन्हां शिकविलें. बाळास उघड्या अंगानें आईच्या छातीशीं पुष्कळ वेळ घ्यावें. वरचें दूध एकदम तोडूं नये; दर तीन दिवसांनीं वजन पाहत तें हळूहळू उतरवावें, आणि द्यावयाचें तें बाटलीनें न देतां बोंडल्यानें द्यावें. आमच्या घरचें जुनें चांदीचें बोंडलें फडताळांतून निघालें. बाईंनीं तें उकळून घेण्यास सांगितलें आणि त्याची वाखाणणी केली.

आतां घराचा भाग. पाहुण्यांस दारांतच चहा मिळूं लागला. चिरंजीवांनीं रात्रीं बाळ उचलून देणें, दुपटीं बदलणें आणि तें निजेपर्यंत फिरविणें आपल्याकडे घेतलें. आमच्या कुटुंबानें सुनेच्या उशाशीं पाण्याचा तांब्या आणि खाऊचा डबा ठेवला. आम्हांवर काम आलें तें ओल्या लंगोटांची हजेरी घेण्याचें. पस्तीस वर्षें मुलांची हजेरी घेतलेल्या हातास तें अवघड नव्हतें! पाटीवर खुणा केल्या. चोवीस तासांत सहा किंवा अधिक ओले लंगोट आणि लघवी फिकट रंगाची असली म्हणजे बाळाच्या पोटांत पुरेसें दूध जातें असें समजावें. त्याच्या जोडीस वजनाचा आंकडा. संशयाचें उत्तर पाटी देऊं लागली, तेव्हां तोंडें आपोआप मिटलीं.

आक्कांस हें प्रथम रुचलें नाहीं. पांच मुलें वाढविलेल्या बाईस पाटी काय शिकविणार? पण चौथ्या दिवशीं त्या पाटीजवळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या थोरल्याच्या वेळीं सासूबाई म्हणाल्या, तुझें दूध पातळ आहे. दुसऱ्या महिन्यापासून त्याला गाईचें दूध पाणी घालून दिलें. तेव्हां कोणीं लंगोट मोजले नाहींत रे." पन्नास वर्षें त्या आपल्या दुधासच दोष देत आल्या होत्या. त्या दिवसापासून सुनेच्या खोलीच्या दाराशीं पहारा आक्कांचा. सहाव्या दिवशीं सुनेस पान्ह्याची ओळखीची कळ आली. एकोणिसाव्या दिवशीं बोंडलें पुन्हां फडताळांत गेलें.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कांहीं स्त्रियांस दूध खरोखरीच कमी येतें, आणि त्याचीं कारणें शरीरांत असतात. बाळंतपणांत अतिरक्तस्राव, वारेचा तुकडा मागें राहणें, थायरॉइडचा विकार, स्तनावरील शस्त्रक्रिया, पुन्हां गर्भ राहणें, इस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या, सर्दीवरील कांहीं औषधें, हीं त्यांतलीं प्रमुख. लंगोट सहांपेक्षां कमी भिजूं लागले, लघवी गडद झाली, बाळ मरगळून पडूं लागलें वा वजन वाढेना, तर घरगुती उपायांत एक दिवसही घालवूं नये. आमच्या एका पुतणीस थायरॉइडमुळें दूध पुरलें नाहीं. तिनें जेवढें होतें तेवढें पाजलें आणि बाकीचें डॉक्टरांच्या सल्ल्यानें वरचें दिलें. तिचें मूल आज धडधाकट आहे. त्यांत तिच्या मातृत्वास उणें काय आलें? रुग्णालयांतील अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठीं तर दुसऱ्या मातांनीं दिलेलें दूध उपयोगी पडतें. अशी पेढी मुंबईस शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ सालीं डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें निघाली. ती आशियांतील पहिली होय.

लाडवांविषयीं विचारणा होईलच. अळीव, डिंक, मेथी, खसखशीची खीर, बाळंतशोपा, शतावरी, हें आपलें वैभव आहे, आणि बाळंतिणीस पौष्टिक अन्न पाहिजे यांत वाद नाहीं. परंतु चरकसंहितेंत दूध उत्पन्न करणाऱ्या दहा द्रव्यांचा जो गण दिला आहे, त्यांत यांपैकीं एकही नाहीं. तेथें वाळा, साळी, दर्भ, कुश, काश अशा तृणांचीं मुळें आहेत! आजच्या शास्त्रासही अशा द्रव्यांनीं दूध वाढतें याचा भक्कम पुरावा सांपडलेला नाहीं. तेव्हां लाडू आईच्या शक्तीसाठीं आनंदानें द्यावा. बाळाच्या ओढण्याची जागा तो घेईल असें मात्र मानूं नये. औषधी चूर्णें डॉक्टरांस विचारूनच घ्यावींत.

आपल्या चालीरीतींत राखण्यासारखें पुष्कळ आहे. सवा महिन्याची विश्रांति, अंगास तेल लावणें, गरम ताजें जेवण आणि कामास हात न लावूं देणें, यांचा हेतु आईला मोकळें ठेवण्याचा होता. पण पहिला पिंवळा चीक काढून टाकणें, जन्मतः मध चाटविणें, गुटी पाजणें, या चाली सोडल्या पाहिजेत. चीक हें बाळाचें पहिलें संरक्षण होय; तो पहिल्या तासांतच मिळावा. मध वर्षाच्या आंत धोक्याचा असतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धां नको, आणि पुढें इतर अन्नाबरोबर दोन वर्षें व त्याहूनही अधिक पाजावें, असा जागतिक आरोग्य संघटनेचा उपदेश आहे.

नोकरी करणाऱ्या सुनांचें दूध कामावर रुजू होतांना पुन्हां कमी होऊं पाहतें. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन अपत्यांसाठीं सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि मूल पंधरा महिन्यांचें होईपर्यंत कामाच्या वेळांत पाजण्यासाठीं दोन वेळां सुटी मागण्याचा हक्क आहे. काढून ठेवलेलें दूध साध्या हवेंत चार तास, शीतकपाटांत चार दिवस टिकतें. उन्हाळ्यांत बाहेर त्याहून कमी. तें बोंडल्यानें पाजणें आजी-आजोबांस सहज जमेल.

डब्याच्या दुधाच्या जाहिरातीस १९९२ च्या कायद्यानें आपल्या देशांत बंदी घातली आहे. घरांतल्या तोंडी जाहिरातीस कायदा कोठून आवर घालणार? तो आपणच घातला पाहिजे. "दूध आटलें" हे दोन शब्द उच्चारण्यापूर्वीं कार्डावरचें वजन पाहावें, लंगोट मोजावे, बाळ दिवसांतून किती वेळां पाजलें जातें हें विचारावें, आणि आई काल किती तास निजली हेंही विचारावें. एवढें करूनही शंका उरलीच, तर ती बाळंतिणीसमोर बोलून न दाखवितां डॉक्टरांसमोर बोलून दाखवावी.