आधी शून्य दाखवा

मिठाईच्या दुकानातलं रिकामं खोकं. काही दुकानांत पोऱ्या खोकं काट्यावर ठेवतो, बटण दाबून आकडा शून्यावर आणतो आणि मगच पेढे भरायला घेतो. काही दुकानांत भरलेलं खोकंच थेट काट्यावर चढतं. जाड पुठ्ठ्याचं खोकं ५०-६० ग्रॅम सहज भरतं. काजूकतली १००० रुपये किलो असेल, तर ५०-६० रुपयांचा पुठ्ठा आपण काजूच्या भावाने घरी नेतो. कायद्याने वजन निव्वळ मालाचंच धरायचं असतं. पण मला त्या पोऱ्याचं कौतुक वेगळ्या कारणाने वाटतं. गिऱ्हाईक मोबाइलमध्ये डोकं घालून उभं असलं तरी तो बटण दाबतोच.

*

पेट्रोल पंपावर 'शून्य बघा' आता सगळेच म्हणतात. त्याच पंपावर शिक्का मारलेलं ५ लिटरचं माप ठेवलेलं असतं आणि गिऱ्हाइकाने मागितलं तर त्यात इंधन मोजून दाखवावं लागतं. फरक चालतो तो २५ मिलिलिटरपर्यंतच. पण हे माप मागणारा माणूस लगेच भांडखोर ठरतो, मागच्या रांगेतून हॉर्न वाजायला लागतात. मापाला जागा दर्शनी द्यावी, आत कपाटात नको.

*

बाजार समित्यांमधला जुना हत्ता. अडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालायचे, बोटं दाबून भाव ठरवायचे. ज्याने चार महिने पीक राखलं तो शेतकरी दोन पावलांवर उभा, आणि त्याच्याच मालाचा काय भाव चाललाय ते त्याला कळायचं नाही. नंतर हातात पडायची ती पट्टी. त्यात हमाली, तोलाई, अडत वजा. शिवाय वजनात कडता कापलेला. उघड्या लिलावात माल तोच, व्यापारीही तेच असतात. फक्त बोली सगळ्यांना ऐकू जाते. भाव पडला तर शेतकरी हळहळतो, पण पुढच्या खेपेला त्याच गाळ्यावर येतो. भाव लपवला गेला असं एकदा वाटलं, की पुढची गाडी दुसऱ्या गाळ्यावर लागते.

महाराष्ट्रात २०१६ साली फळं-भाजीपाल्यावरची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. त्या वेळी बाजार बंद ठेवले गेले, आरडाओरड झाली. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला होता, आजही वाटतो.

*

तुकोबा देहूचे वाणी, घरात महाजनकी आणि सावकारी. त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, एवढंच आपण सांगतो. त्याआधीची गोष्ट सांगायची राहून जाते. परंपरा सांगते, की त्यांनी खतांची आधी वाटणी केली. निम्मी धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या हाती दिली आणि पाण्यात सोडली ती फक्त आपल्या वाट्याची. भावाच्या पैशावर उदार होणं त्यांना मान्य नव्हतं. मला या गोष्टीतला वैरागी जेवढा मोठा वाटतो, तेवढाच हिशेबाचा पक्का माणूस.

*

हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं: रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. तरी मोसमात कर्नाटकचा आंबा 'देवगड' म्हणून विकला जातोच. कर्नाटकच्या आंब्यात वाईट काही नाही, गोड असतो आणि स्वस्तही. वाईट आहे ते पेटीवरचं खोटं नाव. आमच्याकडे एक बाई हातगाडीवर खडूने 'कर्नाटक' लिहून आंबे विकतात. पेटीतला खालचा थरही न विचारता उचलून दाखवतात.

*

मिक्सर बंद पडला. नवीनच घ्यावा लागणार असं घरात जवळपास ठरलं होतं. दुरुस्तीवाल्या काकांनी भांडं काढलं, खाली बोट घालून फिरवून बघितलं. "मोटर ठणठणीत आहे हो. कपलर गेलंय." दहा मिनिटांत नवं बसवलं आणि जुनं एका पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. दाते पार झिजून गोल झाले होते, बोटाला कळत होते. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. गाडीच्या गॅरेजपासून फ्रिजवाल्यापर्यंत सगळ्यांनी उचलावा असा आहे. मोटर जळाली म्हणाले असते तरी मला काय कळणार होतं?

*

सुट्टे नाहीत म्हणून गोळ्या. गिऱ्हाइकाने त्याच गोळ्या परत आणल्या तर दुकानदार पैसे म्हणून घेतो का?

*

मुंबई ग्राहक पंचायत १९७५ सालची. शेजारपाजारच्या घरांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल आला की सभासदांनीच वाटून घ्यायचा. यातून भेसळ आणि मापातली चोरी टळते, हे तर खरंच. पण पोतं फोडून किलोकिलोने वाटताना थोडी तूट येतेच, हेही गिऱ्हाइकाला स्वतःच्या हातांनी कळतं. वाण्याकडे संशयाने बघणाऱ्यांनी एकदा हे काम करून बघावं.

*

दिवाळीच्या तोंडावर "आता नवीन कापड घेत नाही, वेळेत होणार नाही" असं तोंडावर सांगणारा शिंपी. गिऱ्हाईक तेवढ्यापुरतं नाराज होऊन जातं. "परवा या" म्हणत पाडव्यापर्यंत खेपा घालायला लावणाऱ्यापेक्षा हा शंभरपट बरा. पाडवा झाला की मी कापड त्याच्याकडेच नेतो.

*

'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' पाटी अजून लटकते आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल बिलावरच्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल न देणंही त्यातच येतं. तक्रार घेऊन आलेल्याला पाटीकडे बोट दाखवण्याआधी वस्तू हातात घेऊन बघावी. शिवण उसवली असेल तर ती बोटाखाली लगेच दिसते.