जुन्या गावाचा हिशोब

आमच्या घरात दोन गावं नांदायची. 'जुनं' नाथसागराच्या पाण्याखाली, 'नवं' माळावर आखून दिलेल्या प्लॉटांचं. 18 ऑक्टोबर 1965 ला लालबहादूर शास्त्रींनी पैठणला या जलाशयाच्या धरणाची पायाभरणी केली आणि 24 फेब्रुवारी 1976 ला इंदिरा गांधींनी उद्घाटन. मधल्या काळात गोदाकाठची शंभरावर गावं उठली. धरणाला नाव मात्र बीड जिल्ह्यातल्या जायकवाडीचं, कारण आधी ते तिथं व्हायचं होतं. "बुडालो आपण, नाव दुसऱ्याचं," आजोबा म्हणायचे.

उठताना लोकांनी माळवदं उतरवली. आजोबांनी सागाचे खांब आणि दाराची चौकट बैलगाडीत घातली. ती ठेंगणी चौकट नव्या पत्र्याच्या घराला बसली. आत शिरताना आम्ही सगळे वाकायचो. आजीनं जातं आणलं. मळईची काळी जमीन तेवढी आणता आली नाही. मग आजी प्रत्येक गोष्टीला तिथलं माप लावायची. भाकरीला चिरा गेल्या की, "ही काय जवारी हाय?" सोयरीक आली की पहिला प्रश्न, "पाव्हणे जुन्या कोणत्या गावचे?"

वडलांच्या पिढीनं शहर धरलं : हातात प्रकल्पग्रस्ताचा दाखला, वाळूजला नोकरी, औरंगाबादेत दोन खोल्या. इथल्या नळालाही नाथसागराचंच पाणी, तेही काही दिवसांआड. हंडा भरताना आजी सुनांना बजावायची, "सांडू नका गं, आपल्या वावरावरून आलंय."

2016 च्या उन्हाळ्यात धरणातला जिवंत साठा संपला, तेव्हा वडील जुन्या गावी गेले. गाळात पावलं मोजत म्हणाले, "हा ओटा, इथं गोठा."

पॅलेस्टिनी लेखक घस्सान कनाफानींच्या 1969 च्या हैफा शहरावरच्या कथेतही एक जोडपं वीस वर्षांनी आपलं घर बघायला जातं. घर जागेवर असतं, राहणारे दुसरे असतात. त्यांचं युद्धात गेलं, आमचं धरणात. दोन्ही एका तागडीत घालू नयेत. पण त्या कथेतला नवरा शेवटी ज्या विचाराशी येतो, की मायभूमी नुसत्या आठवणीत नसते, पुढच्या दिवसांत असते, तो आजोबांना पटला असता. वाढीव मोबदल्याचा दावा त्यांनी शेवटपर्यंत चालवला. आम्ही गावाच्या आठवणी काढून हळवे व्हायचो. ते मात्र सातबारा काढून बसायचे : गेलं किती, मिळालं किती आणि बाकी कुणाकडं निघते.