आठाचा आकडा

मुलांनो, चित्रकलेच्या तासाला मी कधी कधी चौथीच्या वर्गाला सांगतो, "आज काय वाटेल ते काढा." पूर्वी अशा वेळी दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली नदी हे ठरलेलं चित्र यायचं. हल्ली निम्म्या वह्यांत मोटारसायकल असते. तीही साधीसुधी नाही बरं का! पुढून टोकदार, मागची सीट आभाळाकडे गेलेली आणि चाकाखालून धूर निघालेला.

परवा एकानं असंच चित्र दाखवत विचारलं, "सर, तुम्ही अजून शंभर सीसीचीच गाडी का चालवता?" सगळा वर्ग हसला. मीही हसलो आणि विषय बदलला. पण त्याच संध्याकाळी त्याचे वडील घरी आले. त्याच्या दादाला अठरा पूर्ण झाली आहेत, बारावी झाली आहे आणि पहिलीच गाडी म्हणून त्याला ३९० सीसीची स्पोर्ट्‌स बाईक हवी आहे. "गुरुजी, घेऊन देऊ का?" त्यांनी विचारलं. आता मात्र विषय बदलून चालणार नव्हतं.

मी त्यांना जे सांगितलं तेच तुम्हांला सांगतो. माझा धाकटा भाऊ तुम्ही पाहिलात, तर त्याचा डावा हात कोपरात थोडा वाकलेलाच दिसेल. तो सरळ होत नाही. तो तसा झाला माझ्यामुळे.

२००९ साल. मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. गाडी शिकलो ती वडिलांच्या जुन्या लूनावर. मग मित्राच्या शंभर सीसीच्या गाडीवर आरटीओच्या मैदानात आठाचा आकडा काढला, पाय न टेकवता! लायसन्स खिशात आलं आणि मला वाटलं, आता आपल्याला सगळं येतं. महिन्याभरातच ओळखीच्या एकानं नवी स्पोर्ट्‌स बाईक आणली. "एक चक्कर मारून येतो," म्हणालो. भाऊ तेव्हा नववीत होता, तो मागे बसला. माझ्या डोक्यावर हेल्मेट होतं, त्याच्या नव्हतं.

गावाबाहेर रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना ऊस. मी काही फार वेगात नव्हतो, हे लक्षात ठेवा. उसातून अचानक दोन शेळ्या रस्त्यावर आल्या. मी दचकलो. आणि गाडी थांबायच्या ऐवजी पुढे उसळली!

असं का झालं? घरी एक गंमत करून पाहा. ताईला लाटणं दोन्ही टोकांना धरून आडवं समोर धरायला सांगा. तुम्ही ते मुठीत पकडा आणि दचकल्यासारखे मागे झुका. लाटणं तुमच्याकडे फिरतं, हो ना? मोटारसायकलची उजवी मूठ अशी आपल्याकडे फिरली, की इंजिनला जास्त पेट्रोल मिळतं. घाबरलेला माणूस मागे झुकतो, मूठ आवळतो आणि नको त्या क्षणी रेस देतो. लूनावर मी ही चूक पन्नास वेळा केली असेल. लूना नुसती गुरगुरायची. तिच्यात माझी चूक शिक्षेत बदलण्याएवढी ताकदच नव्हती. या गाडीत ती होती.

मग मी पुढचा ब्रेक करकचून दाबला. रस्त्यावर बारीक खडी पसरलेली होती. पुढचं चाक घसरलं आणि आम्ही दोघंही खाली. शेळ्या मात्र केव्हाच पलीकडे गेल्या होत्या.

आता ताकदीचा हिशोब ऐका. शंभर सीसीच्या साध्या गाडीची शक्ती साधारण आठ अश्वशक्ती असते. त्या दादाला हवी असलेली गाडी चाळीसच्या वर जाते. तुमच्या आईबाबांना मारुती ८०० आठवत असेल. अख्खं कुटुंब आणि सामान घेऊन जाणारी ती मोटार, तिची शक्तीसुद्धा चाळीसच्या आतच होती! आणि या दुचाकीचं वजन त्या मोटारीच्या साधारण चौथ्या भागाएवढं.

"पण सर, हळू चालवली तर?" चौथीतल्या मुलांनीही मला हे विचारलं. प्रश्न बरोबर आहे. खोटं कशाला बोलू, या गाड्यांचे ब्रेक आणि टायर माझ्या गाडीपेक्षा कितीतरी चांगले असतात. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएसही सक्तीचं झालं, त्यामुळे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. पण दचकलेल्या मुठीला एबीएस आवरत नाही. शिवाय अशा गाडीवर हळू जाणं हेच अवघड. हँडल खाली, अंग पुढे झुकलेलं, भार मनगटांवर, आणि हँडल फार वळतही नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट होतं, आणि इथे वेग दुप्पट झालेला कळतसुद्धा नाही. ताशी साठ किलोमीटरला एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर जाते. म्हणजे ब्रेककडे बोट जाईपर्यंत आमचे दोन वर्ग मागे पडले.

युरोपातल्या देशांत २०१३ पासून यासाठी पायऱ्या ठरवल्या आहेत. आधी १२५ सीसीपर्यंतची गाडी, मग मधल्या ताकदीची, आणि तिच्यावर निदान दोन वर्षं काढल्यावर मोठी. वयानं बरंच मोठं असलं तरच एकदम मोठ्या गाडीची परीक्षा देता येते. आपल्याकडे गिअरच्या दुचाकीचं लायसन्स एकच. शंभर सीसीवर आठ काढा, दुसऱ्या दिवशी हजार सीसीची चालवा, कायदा अडवत नाही. म्हणून अडवायचं काम घरावर येतं. (आणि पालकहो, अठराच्या आतल्या मुलाच्या हाती गाडी दिलीत आणि त्यानं गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकालाच पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.)

त्या वडिलांना मी म्हणालो, "दोन वर्षं शंभर-सव्वाशे सीसीची घ्या, जुनी मिळाली तर उत्तम. पडली तरी जीव हळहळणार नाही. मग तो स्वतःच सांगेल काय हवं ते." दादा माझ्यावर रुसला. मी त्याला म्हटलं, "रविवारी शाळेच्या मैदानावर ये. मी फक्कीनं आठाचा आकडा काढून ठेवतो."

तो आला. लर्निंग लायसन्स खिशात, मामाची शंभर सीसीची गाडी. पहिल्या फेरीत चार वेळा पाय टेकला, दुसरीत तीन वेळा. वर "सर, आकडाच लहान काढलाय!" म्हणून माझ्याशी भांडला. दहाव्या फेरीपर्यंत फक्की पार विस्कटली. येत्या रविवारी पुन्हा आखायची आहे. भाऊ म्हणालाय, "दादा, या वेळी मी आखतो." फक्कीचं घमेलं तो उजव्या हातानं धरतो.