हव्वेचे सीताफळ

आदाम आणि हव्वेची गोष्ट वर्गात सांगितली की आमच्या परभणीकडची मुले पहिला प्रश्न देवाविषयी विचारत नाहीत, फळाविषयी विचारतात. फळ कोणते? मी म्हणतो, बायबलात नाव दिलेले नाही. सफरचंद ही पुढच्या चित्रकारांची करणी. एवढी मोकळीक मिळाली की वर्ग एकमुखाने निकाल देतो : सीताफळ! दिवाळीच्या सुमारास गंगाखेडच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या उतरतात, आणि 'खाऊ नको' म्हटल्यावर त्यातले एकही न उचलणारा मुलगा मी तरी अजून पाहिलेला नाही.

ही गोष्ट मराठीला परकी नव्हे. फादर स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला, मराठी शिकला आणि त्याने 'क्रिस्तपुराण' रचले. १६१६ साली ते राचोल येथे छापले गेले. त्याच्या पहिल्या पुराणात सृष्टीची उत्पत्ती आणि आदाम-हव्वेचे पतन ओवीत सांगितलेले आहे. ज्ञानेश्वरांची ओवी आणि एदेन बाग, अशी सोयरीक चारशे वर्षांपूर्वीच जुळली आहे.

मी या गोष्टीकडे वळलो तो कादंबरीच्या निमित्ताने. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले होते. तिथली एक बाई मला नायिका म्हणून हवी होती. तिच्या मनात शिरायचे तर तिची पापाची कल्पना समजली पाहिजे. म्हणून वाचू लागलो, आणि वाचता वाचता संत ऑगस्टीनपाशी अडलो. चौथ्या-पाचव्या शतकांतला हा आफ्रिकेतला बिशप. त्याचे म्हणणे असे की आदामाचा अपराध आदामापुरता राहिला नाही. तो वंशाबरोबर उतरला. जन्मलेले मूल दोषी जन्मते. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायचा तो त्यासाठीच.

इथे मला पुस्तक मिटावे लागले. माझी धाकटी बहीण जन्मली आणि अकराव्या दिवशी आमचे वडील गेले. दुसऱ्या दिवशी व्हायचे बारसे झालेच नाही. आजीने तिला 'पांढऱ्या पायाची' म्हटले, आणि ते आजी होती तोवर चालले. घरात दूध नासले, गाय आटली, पाऊस लांबला की सगळ्यांची नजर त्या पोरीच्या पावलांकडे. ऑगस्टीनचे नाव आमच्या वाड्यात कोणी ऐकले नव्हते. पण तान्ह्या जिवाच्या खात्यावर जुने देणे मांडायला नाव ऐकावे लागत नाही.

म्हणून जेव्हा मॉर्मन पंथाचे मत वाचले तेव्हा मी सावरून बसलो. हा पंथ अमेरिकेतला. जोसेफ स्मिथने १८३० साली आपला नवा धर्मग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून निघालेला. जुनी ख्रिस्ती मंडळे तो ग्रंथ मानीत नाहीत. त्यांचा एक प्रचारक, ह्यू फिंडले, १८५२ साली मुंबईस उतरला होता आणि पुण्यासही राहिला होता. पण त्या दशकातच ती मंडळी परतली.

त्यांचे सांगणे थोडक्यात असे. बागेत आदाम-हव्वा निष्पाप होते खरे, पण लेकरासारखे. दुःख ठाऊक नाही, म्हणून सुखही ठाऊक नाही. आणि तशा अवस्थेत त्यांना मूलबाळ होणे नव्हते. फळ खाल्ले म्हणून मृत्यू आला, देवाचा दुरावा आला, तारणारा लागला, हे तेही मानतात. पण फळ खाल्ले म्हणूनच तुम्ही-आम्ही जन्मलो. हव्वा त्यांच्या लेखी कुलबुडवी नव्हे, पहिला उंबरठा ओलांडणारी आई आहे. आणि प्रत्येकाला शिक्षा आपल्या पापाची, आदामाच्या नव्हे. बाप्तिस्मा आठव्या वर्षी. त्याआधी मूल जबाबदारच नाही. आठ वर्षे म्हणजे माझी तिसरीतली मुले. पाठीमागे काहीतरी लपवून 'काही नाही गुरुजी' म्हणण्याचे वय तेच. आपल्याकडे मुंजीलाही आठवे वर्ष धरीत, ते उगाच नसावे.

पण वकिली एकतर्फी करू नये. मॉर्मन म्हणतात, देवाच्या दोन आज्ञा होत्या : वाढा, आणि ते फळ खाऊ नका. एक पाळली तर दुसरी मोडते. माझ्यासारख्या शिक्षकाला हे पटकन पटते, कारण एकाच आठवड्यात दोन उलटी परिपत्रके आमच्याकडेही येतात. मात्र तेव्हा आम्ही परिपत्रक काढणाऱ्याला नावे ठेवतो! देवाने पेच का घालावा, हा प्रश्न उरतोच. ऑगस्टीन इथे सरळ आहे. त्याच्या मते बागेतही मुले झाली असती, आज्ञांत विरोध नव्हताच, मोडणाऱ्याने मोडली. आणि जुने ख्रिस्ती सारे ऑगस्टीनच्याच मागे गेले असेही नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळींच्या मते आदामाकडून आपल्याला मरण मिळाले, त्याचा गुन्हा नव्हे. दुसऱ्या शतकातला इरेनियस तर आदाम-हव्वेला अजाण लेकरेच म्हणतो. खुद्द रोमन चर्चमध्ये ईस्टरच्या रात्री गातात त्या प्राचीन स्तोत्रात आदामाच्या त्या अपराधाला भाग्याचा म्हटले आहे, कारण त्यामुळेच तारणारा आला. म्हणजे मॉर्मनांनी दार उघडले खरे, पण भिंतीला फट आधीपासून होती.

माझ्या नायिकेला मी अखेर ऑगस्टीनच्याच चर्चेसमध्ये ठेवले. तिच्या काळी, तिच्या गावी दुसरे काही तिच्या कानी येते ना. पण बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी तिचे हात थोडे कापतात, एवढे मी लिहून ठेवले आहे.

परवा बहीण दिवाळीला आली. आईजवळ बसून करंज्या करीत होती. तिला मी दोन्ही मते सांगितली. ती आजीविषयी काही बोलली नाही. मला वाटले होते, बोलेल. कातण्याने कड कापीत तिने विचारले,

"दादा, त्या हव्वेला मुली होत्या का रे?"

"होत्या. पुढे आदामाला मुलगे आणि मुली झाल्या असे लिहिले आहे."

"नावे काय त्यांची?"

"मुलींची नावे दिलेली नाहीत."

आई सारण भरता भरता थांबली. बहिणीने पुढची पारी लाटायला घेतली.