सावेडीत साचे शोधू या!

अहमदनगरचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात अजून ‘नगर’च! या नगरचं सावेडी हे मोठं उपनगर. पूर्वी हे वेगळं गाव होतं, भोवती शेतं होती. आता जिकडे पाहावं तिकडे कॉलन्या. इथं जुना भिस्तबाग महाल आहे. फारसीत ‘बिहिश्त’ म्हणजे स्वर्ग. म्हणजे ही स्वर्गाची बाग! आज मात्र आपण सावेडीत फिरायचं ते साचे शोधायला.

साचा तुमच्या घरातही असेल. मोदकाचा नाहीतर करंजीचा! नगरच्या कारखान्यांत गणपतीच्या मूर्तीही साच्यातूनच निघतात.

हल्ली दुकानात पॉलिमर क्ले मिळते. ही खरी माती नव्हे. पीव्हीसी प्लास्टिकचा मऊ गोळा. तिच्यासाठी तयार साचेही मिळतात, पण त्यांतून सगळ्यांचा गुलाब अगदी सारखा निघतो. मग आपला साचा आपणच का करू नये?

पिशवी घ्या आणि निघा. झाडाखाली पडलेलं कडुलिंबाचं पान, चिंचोका, बाभळीच्या सालीचा तुकडा काहीही चालेल. फक्त वस्तू तळाशी रुंद आणि वर निमुळती हवी. नाहीतर ती साच्यात अडकून बसते.

आता क्ले मळून एक सेंटिमीटर जाडीची चकती करा. वर टाल्कम पावडर भुरभुरा. पान उलटं ठेवा, कारण शिरा मागच्या बाजूला उठून दिसतात. हलकेच दाबा, अलगद उचला. झाला साचा! तो भाजून गार करा, पावडर लावा आणि त्यात नवी क्ले दाबा. साच्यात खोल गेलेली शीर आता पुन्हा वर येईल.

भाजायचं काम मोठ्यांनीच करायचं. पाकिटावर लिहिलेलंच तापमान ठेवा. बहुतेक क्लेला ११० ते १३० अंश सेल्सियस लागतं. जास्त तापली तर घातक धूर निघतो. हे साचे खाऊसाठी मुळीच वापरू नका. ओव्हन नसेल तर शाडू घ्या आणि सावलीत वाळवा.

आपल्याच जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली ब्राँझचे भरीव हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ सापडला. ओतकाम करणाऱ्या त्या कारागिरांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत. पण त्यांनी पाहिलेला गेंडा आपल्याला आजही दिसतो!

सावेडीतही रस्ते रुंद होतात, झाडं जातात. म्हणून साचा भाजण्याआधी मागच्या बाजूला टाचणीनं तीन गोष्टी कोरा: झाडाचं नाव, जागा आणि तारीख.