चुन्याची निवळी आणि समुद्र

आमचे लोहारा यवतमाळ शहराला लागूनच आहे. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांनी तो पाहिलेला नाही. मीसुद्धा बी.एड. झाल्यावर मुंबईला हाजी अलीच्या दर्ग्याला गेलो, तेव्हाच तो पहिल्यांदा पाहिला. अशा मुलांना समुद्राविषयी काय आणि कसे शिकवावे, हा प्रश्न मला नेहमी पडे. त्याचे उत्तर मला एका विद्यार्थिनीने दिले, आणि तेही माझ्या चुकीमुळे.

त्या दिवशी विज्ञानाच्या तासाला मी चुन्याच्या निवळीचा प्रयोग घेतला होता. आदल्या दिवशी पानठेल्यावरून चुना आणून पाण्यात भिजत घातला होता. वरचे स्वच्छ पाणी, म्हणजे निवळी, एका परीक्षानळीत घेतली. एका मुलीला पुढे बोलावून मी म्हटले, "या नळीने हळूहळू फुंक मार. पाणी तोंडात ओढायचे नाही." तिने फुंकर मारली. पाणी दुधासारखे पांढरे झाले. "उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो हे सिद्ध झाले," असे सांगून मी फळ्याकडे वळलो.

ती मुलगी मात्र फुंकतच राहिली. थोड्या वेळाने मुले हसू लागली. मागे वळून पाहतो तो काय, पांढरे पाणी पुन्हा स्वच्छ झालेले! मी रागावून म्हणालो, "बिघडवलास ना प्रयोग? ओतून दे ते." तिने निमूटपणे पाणी ओतले आणि ती खाली मान घालून जागेवर बसली. तास संपल्यावर ती दबकत माझ्याजवळ आली. "सर, ते पांढरे गेले कुठे?" तिने विचारले. मला उत्तर येत नव्हते. "ते परीक्षेत विचारत नाहीत," एवढे बोलून मी निघून गेलो.

घरी आल्यावर माझे मन कशात लागेना. रात्री मी कॉलेजातील रसायनशास्त्राचे जुने पुस्तक काढले. उत्तर तेथेच होते. उच्छ्वासातील वायूमुळे प्रथम कॅल्शियम कार्बोनेट तयार होते. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी पांढरे दिसते. पण आणखी वायू मिसळत गेला, की त्याचे कॅल्शियम बायकार्बोनेट होते आणि ते पाण्यात विरघळते. प्रयोग बिघडला नव्हता. तो पुढे गेला होता आणि मी मागे राहिलो होतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वांसमोर मी म्हणालो, "काल चूक माझी होती, हिची नव्हती." मग तिच्याकडूनच प्रयोग पुन्हा करून घेतला. स्वच्छ झालेले पाणी तापवले, तेव्हा ते पुन्हा गढूळ झाले. एक मुलगा ओरडला, "सर, आमच्या चहाच्या भांड्याला असाच पांढरा थर धरतो!" त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते.

त्या परीक्षानळीतूनच मी मुलांना समुद्राकडे नेले. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड थोडासा विरघळतो. ते पाणी आपल्याकडचा काळा दगड हळूहळू झिजवते. त्यातून तयार झालेले बायकार्बोनेट वर्धा आणि पैनगंगा या नद्या वाहून नेतात. पुढे प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी बंगालचा उपसागर. तेथे शंख-शिंपल्यांतील जीव आणि प्रवाळ त्यापासून आपली कवचे बनवतात. ते मेल्यावर कवचे तळाशी साचतात व लाखो वर्षांनी त्यांची चुनखडी होते. आपल्याच जिल्ह्यात वणीकडे चुनखडी सापडते. ती फार प्राचीन काळच्या समुद्राच्या तळाशी साचलेली आहे. म्हणजे समुद्र एके काळी आपल्या जिल्ह्यात येऊन गेला आहे!

वणीला कोळशाच्या खाणीही आहेत. कोळसा जाळला, की लाखो वर्षे जमिनीत दडलेला कार्बन हवेत जातो. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. हे त्याचे उपकारच आहेत. पण त्याची किंमतही आहे. कारखान्यांचे युग सुरू झाल्यापासून समुद्राच्या वरच्या थरातील पाण्याचा सामू सुमारे 8.2 वरून 8.1 वर आला आहे. हा फरक लहान वाटतो, पण त्याचा अर्थ आम्लता सुमारे पाव पटीहून अधिक वाढली असा होतो. अशा पाण्यात शिंपल्यांना आणि प्रवाळांना कवच बनवणे जड जाते. आमच्या नळीतील पांढरा चुना जसा नाहीसा झाला, तसाच हा प्रकार.

गोव्यातील दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती 1966 साली स्थापन झाली. 2009 साली या संस्थेने जर्मन शास्त्रज्ञांसह दक्षिण अटलांटिक महासागरात एक प्रयोग केला. त्याचे नाव 'लोहाफेक्स'. 'लोहा' म्हणजे लोखंड. हे नाव ऐकताच आमची लोहाऱ्याची मुले खूश झाली! भारताकडून डॉ. वजीह नक्वी त्याचे एक प्रमुख होते. सुमारे 300 चौरस किलोमीटर पाण्यात लोहाचे क्षार मिसळले. त्यामुळे सूक्ष्म शैवाल वाढेल आणि कार्बन घेऊन तळाशी जाईल का, हे पाहायचे होते. शैवाल वाढले, पण त्यातले बरेचसे लहान जलचरांनी खाऊन टाकले आणि खोल पाण्यात कार्बन फारच थोडा गेला.

"म्हणजे त्यांचाही प्रयोग बिघडला?" एका मुलाने विचारले.

मी काही बोलण्याआधीच ती मुलगी उठून म्हणाली, "बिघडला नाही. हा उपाय सोपा नाही, हे त्यांना समजले."

मी तिला खाली बसायला सांगितले नाही. तिला पुढे बोलावून खडू तिच्या हातात दिला. मुलांनो, तुमच्या सरांना एखादे उत्तर आले नाही, तरी प्रश्न विचारायचे सोडू नका.